जुन्या मोटारीचे अंतरंग

जुन्या मोटारीच्या पुनरुज्जीवनाची चर्चा सहसा इंजिनापासून सुरू होते आणि रंगापाशी संपते. वास्तविक माणसाचा गाडीशी सर्वाधिक संबंध येतो तो तिच्या आतल्या भागाशी, म्हणजे सीट, छताचे कापड, दरवाजांची अस्तरे, डॅशबोर्ड आणि पायाखालची फरशी यांच्याशी. इंजिन नव्याने बांधता येते, योग्य मापाचे पिस्टन आणि बेअरिंग शोधून आणता येतात, दबलेला पत्रा ठोकून सरळ करता येतो. परंतु पन्नास वर्षांपूर्वीचे सीटचे कापड, त्यावरील शिवणींमधले अंतर आणि त्याखालचा काथ्या एकदा उकिरड्यावर गेला, की ती गाडी आतून कशी होती हे सांगणारा दुसरा पुरावा बहुधा उरत नाही. बीड जिल्ह्यात जुन्या गाड्या संग्रहालयांत नव्हे, तर वाड्याच्या पडवीत, शेतातील पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गॅरेजच्या मागच्या अंगणात उभ्या असतात, आणि म्हणून हा प्रश्न येथे अधिक निकडीचा होतो. सीट शिवणारे सराईत हात जिल्ह्यात आहेत. त्या हातांपुढे ठेवायचा अस्सल नमुना मात्र दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालला आहे.

रस्त्याने आणलेल्या गाड्या

सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता, आणि मोटारीचे अंतरंग म्हणजे काय असू शकते याचे टोकाचे उदाहरण त्याच संस्थानाच्या राजधानीत आजही पाहायला मिळते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९१२ मध्ये तयार झालेली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात जतन केलेली आहे. तिच्या मागच्या भागात नेहमीचे बाक नसून उंचावर बसवलेले सिंहासनवजा आसन आहे, म्हणजेच गाडीचा सारा आराखडा आत कोण आणि कसे बसणार यावरून ठरलेला आहे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार जनतेसमोर येते, तेव्हाही पाहणाऱ्यांची नजर चाकांपेक्षा आतल्या बैठकीकडे आधी वळते.

बीडच्या सामान्य माणसाच्या वाट्याला आलेली मोटार अर्थातच वेगळी होती. बीड शहराला दीर्घकाळ रेल्वे नसल्याने माणसांची आणि मालाची सगळी भिस्त रस्त्यावर राहिली, आणि बालाघाटच्या घाटवाटा, काळ्या जमिनीतील पावसाळी चिखल व उन्हाळ्यातील धूळ यांत टिकेल अशीच वाहने येथे रुजली. महिंद्रने १९४७ पासून भारतात जुळवायला घेतलेली विलीज जीप सरकारी खात्यांकडे, सहकारी संस्थांकडे आणि बागायतदारांकडे पोहोचली. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर अधिकाऱ्यांची आणि पुढाऱ्यांची गाडी झाली. तिच्या मागच्या बाकावर पांढरा टॉवेल पसरलेला असणे हा जणू राजशिष्टाचारच होता. व्यापारी आणि डॉक्टर यांच्याकडे फियाट आली. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. पन्नाशीच्या दशकातील, पुढचे दरवाजे उलट्या दिशेने उघडणारी आणि महाराष्ट्रभर डुक्कर फियाट म्हणून ओळखली गेलेली गाडी, नंतरची ११०० डिलाइट आणि १९७४ पासूनची प्रीमियर पद्मिनी ही या घराण्याची तीन परिचित रूपे होत. पुढे प्रवासी वाहतुकीच्या जीपगाड्या, म्हणजे मराठवाड्यातील काळी-पिवळी, तालुक्यातालुक्यांत धावू लागल्या आणि त्यांच्या सतत फाटणाऱ्या बाकांनी कुशनच्या कारागिरांना बारमाही काम पुरवले.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण जुन्या गाडीचे सीट दुरुस्त करणारा कारागीर त्या एका कामावर जगत नाही. महामार्गालगत गॅरेजांच्या ओळीत त्याचे दुकान असते. तो ट्रॅक्टरचे सीट बांधतो, दुचाकीला कव्हर चढवतो, जीपचे हूड शिवतो आणि ऊसतोडीच्या हंगामाआधी ताडपत्रीच्या कडाही दुमडून देतो. त्यातूनच त्याची बोटे जाड कापडाला सरावतात. निजामकाळातील वर्णनांत बीडचा उल्लेख गुप्त्यांसाठी आणि चामड्याच्या कामासाठी, विशेषतः पाणी भरायच्या छागलींसाठी येतो. पाणी न गळू देणारी शिवण हा त्या वस्तूचा प्राण होता. चामड्यात सुईचे एकदा पडलेले छिद्र बुजत नाही, म्हणून आधी विचार आणि मग टाका हा नियम तेथे पाळावाच लागे, आणि मोटारीच्या सीटलाही तोच नियम तंतोतंत लागू पडतो.

ऊन, धूळ आणि उंदीर

कोकणात किंवा मुंबईत जुनी गाडी प्रथम गंजाने खचते. बीडमध्ये वार्षिक पाऊस साधारणपणे सातशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असल्याने पत्रा तुलनेने तग धरतो, परंतु अंतरंग मात्र झपाट्याने मरते. एप्रिल-मेमध्ये बाहेरचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हवा साठ अंशांच्या आसपास, तर डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याहूनही अधिक तापतो. या उष्णतेचा पहिला बळी रेक्झिन असतो. रेक्झिन म्हणजे कापडाच्या पाठीवर पीव्हीसीचा थर चढवून केलेले कृत्रिम चामडे. मूळचे पीव्हीसी कडक असते, आणि त्याला लवचीकपणा येतो तो त्यात मिसळलेल्या प्लॅस्टिसायझर या तेलकट द्रव्यामुळे. वर्षानुवर्षांच्या उन्हात हे द्रव्य हळूहळू उडून जाते (काचेच्या आतल्या बाजूस जमणारा चिकट, धूसर थर हा बऱ्याच अंशी त्याचाच असतो) आणि मागे राहिलेले रेक्झिन बसणाऱ्याच्या वजनाखाली तडकते.

त्याखालचा फोम हवेतील प्राणवायू, दमटपणा आणि उष्णता यांच्या संयुक्त परिणामाने पिवळ्या भुकटीत रूपांतरित होतो. जुन्या सीटवर हात दाबला की शिवणींतून भुगा बाहेर येतो तो हाच. सुती दोरा अतिनील किरणांनी कुजतो, त्यामुळे कापड शाबूत असूनही शिवण उसवलेली दिसते. काळ्या मातीची बारीक धूळ कार्पेटखाली साचते आणि पावसाळ्यात ओल धरून ठेवते. कोरड्या जिल्ह्यातही जिथे फरशी गंजते, तिथे ती याच थराखाली गंजते. शेडमध्ये उभ्या गाडीत उंदरांना काथ्या आणि कापूस यांहून चांगले घरटे मिळत नाही, आणि घरटे करताना ते विजेच्या तारांवरचे आवरणही कुरतडतात. म्हणून अनेक वर्षे बंद राहिलेल्या गाडीची बॅटरी जोडण्यापूर्वी डॅशबोर्डखालची आणि सीटखालची तार हाताने तपासावी लागते.

उतरवण्याची शिस्त

अंतरंगाच्या कामाचे यश शिवण्यापेक्षा उतरवण्यात ठरते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. प्रत्येक भाग जागेवर असतानाच त्याची छायाचित्रे काढली जातात. मग सीट, उंबरठ्यावरच्या पट्ट्या, कार्पेट, दरवाजांच्या मुठी आणि काचेची हँडले, दरवाजांची पॅडे, खांबांवरच्या पट्ट्या आणि सर्वांत शेवटी छताचे कापड, असा क्रम पाळला जातो. परत बसवताना बहुतांश तोच क्रम उलटा होतो. प्रत्येक स्क्रू कोणत्या छिद्रातला हे पाकिटावर लिहून ठेवणे कंटाळवाणे वाटते, परंतु जुन्या गाडीत एकाच पट्टीला दोन लांबींचे स्क्रू असू शकतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर तो आतली तार किंवा बाहेरचा पत्रा भेदतो.

या टप्प्यावर घडणारी सर्वांत मोठी हानी म्हणजे जुने कव्हर ओढून फाडणे. जाणता कारागीर ते कापत नाही, उसवतो. धारदार पात्याने एकेक टाका तोडून प्रत्येक तुकडा सुटा करतो, त्याच्या पाठीवर डावा-उजवा, वरचा-खालचा अशी खूण करतो आणि दोन तुकड्यांच्या जोडावर आडव्या रेघा मारून ठेवतो, जेणेकरून नवे तुकडे शिवताना त्या रेघा एकमेकींसमोर येतील. ताणून वाढलेल्या तुकड्याचे माप मात्र जसेच्या तसे घेता येत नाही. बसण्याची जागा वर्षानुवर्षांच्या वजनाने सैल झालेली असते, म्हणून कमी वापरलेल्या बाजूचा तुकडा उलटवून मापास धरतात. बाकाची मधली जागा अनेकदा याच कारणाने उपयोगी पडते.

सीटचे थर

जुन्या फियाट किंवा अँबॅसडरचे पुढचे सीट अखंड बाकासारखे असे, कारण गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर होती आणि मधली जागा मोकळी राहत होती. अशा बाकाच्या तळाशी लोखंडी सांगाडा, त्यावर गाडीच्या नमुन्यानुसार गुंडाळीच्या किंवा नागमोडी स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्याचा किंवा कापसाचा थर, मग फोम आणि शेवटी कव्हर अशी रचना असते. यातील प्रत्येक थराला स्वतःचे काम आहे आणि एक वगळला तर दुसरा लवकर मरतो. गोणपाट नसेल तर स्प्रिंगेचे टोक थेट फोममध्ये घुसते. काथ्या नसेल तर वजन पसरत नाही आणि स्प्रिंगेच्या कड्या बसणाऱ्याला टोचतात.

तुटलेल्या स्प्रिंगेला वेल्डिंग करण्याचा मोह गॅरेजमध्ये नेहमी होतो, तो टाळावा. वेल्डिंगच्या उष्णतेने स्प्रिंगेच्या पोलादाचा गुण जातो आणि जोडाच्या शेजारी ती पुन्हा तुटते. त्याऐवजी त्याच जाडीच्या तारेची नवी स्प्रिंग घालणे किंवा दुसऱ्या मोडीत निघालेल्या सीटची काढून बसवणे हा योग्य मार्ग होय. सांगाडा घासून, गंजरोधक प्रायमर आणि काळा रंग लावून वाळला, की गोणपाट ताणून सुतळीने बांधले जाते. भरणीच्या बाबतीत बीडचे कारागीर एका अर्थाने भाग्यवान आहेत. हा कापसाचा जिल्हा आहे, गादी भरण्यासाठी पिंजलेला कापूस येथे सहज मिळतो आणि तो सारख्या जाडीत पसरण्याचे कसब पिंजाऱ्यांच्या हाती अजून टिकून आहे. जुन्या सीटच्या कडा गोलसर आणि किंचित मऊ दिसतात त्या कापसाच्या थरामुळेच. नुसत्या फोमची कड करवतीने कापल्यासारखी राहते.

फोम निवडताना त्याची घनता पाहिली जाते. बाजारात बत्तीस, चाळीस अशा आकड्यांनी ओळखली जाणारी ही घनता म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोग्रॅममधील वजन. बसण्याच्या भागाला जड आणि पाठीला हलका फोम लागतो. ग्राहकाला सीट जाड आणि गुबगुबीत हवे असते, परंतु दोन इंचांची वाढीव जाडी चालकाला तेवढेच वर उचलते, त्याच्या मांड्या स्टिअरिंगला लागतात आणि नजर काचेच्या वरच्या कडेला भिडते. जुन्या गाडीत सीट केवळ पुढे-मागे सरकते, उंची कमी करण्याची सोय नसते. म्हणून उसवण्यापूर्वी जमिनीपासून सीटची आणि सीटपासून छताची उंची मोजून ठेवणे अगत्याचे आहे.

शिवण्यासाठी लागणारे यंत्र घरगुती शिलाई मशीनहून वेगळे असते. त्यात कापड केवळ खालच्या दात्यांनी पुढे सरकत नाही, तर वरचा पायही पाऊल टाकल्यासारखा चालतो, त्यामुळे रेक्झिन, फोमची पातळ पट्टी आणि अस्तर हे तिन्ही थर एकत्र सरकतात आणि सुरकुती पडत नाही. टाक्याची लांबी तीन ते चार मिलिमीटर ठेवली जाते; टाके याहून दाट पडले तर रेक्झिन टपालाच्या तिकिटासारखे छिद्रांच्या ओळीवर फाटते. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा घेतात. सीटवरच्या उभ्या पट्ट्यांमधले अंतर आणि कडेच्या पायपिंगची जाडी मूळ कव्हरावरून घ्यायची असते, कारण गाडीच्या जाणकाराची नजर प्रथम तेथेच जाते.

तयार कव्हर चढवण्याचा क्षण कसोटीचा असतो. योग्य मापाचे कव्हर प्रथम तोकडेच वाटते. कारागीर ते काही वेळ उन्हात पसरून ठेवतो. तापलेले रेक्झिन सैल पडते, मग दोघे मिळून मधून कडांकडे ओढत ते सांगाड्यावर आणतात आणि तारेच्या कड्यांनी खालून अडकवतात. थंड झाल्यावर ते आकसते आणि बारीक सुरकुत्या आपोआप जातात. जे ऊन जुन्या रेक्झिनचा घात करते त्याचाच असा उपयोग करून घेणारी ही रीत मराठवाड्याच्या उन्हाळ्याला फार शोभते.

छत, दरवाजे आणि फरशी

सीट हे दिसणारे काम असले तरी कारागिराचा खरा कस छताच्या कापडात लागतो. या काळातील अनेक गाड्यांत छताचे कापड चिकटवलेले नसून पातळ लोखंडी सळयांवर टांगलेले असते. कापडाच्या पाठीवर शिवलेल्या नळ्यांतून या सळया जातात आणि त्यांची टोके दोन्ही बाजूंच्या खाचांत बसतात. प्रत्येक सळईची लांबी आणि बाक वेगळा असल्याने काढतानाच त्यांना क्रमांक द्यावे लागतात. कापडाच्या कडा पुढच्या आणि मागच्या काचेच्या रबराखाली जातात, म्हणून हे काम काचा उतरवलेल्या असतानाच नीट होते. काचा बसवल्यानंतर छत आठवले, तर एकतर काचा पुन्हा काढाव्या लागतात किंवा कापड कडेला कापून चिकटवण्याची तडजोड करावी लागते, आणि ती तडजोड दोन उन्हाळ्यांत लोंबू लागते.

कडा चिकटवण्यासाठी रबरयुक्त सोल्यूशन वापरतात. ते दोन्ही पृष्ठभागांवर लावून, बोटाला चिकटेल पण लागणार नाही इतके सुकू द्यायचे आणि मगच दाबायचे असते. बीडच्या मे महिन्यातील दुपारी त्यातील द्रावक इतक्या वेगाने उडतो की एक कड दाबेपर्यंत दुसरी वाळून जाते. त्यामुळे छताचे काम पहाटे किंवा हिवाळ्यात घेतलेले बरे. या द्रावकाची वाफ ज्वलनशील आणि डोके जड करणारी असल्याने दरवाजे उघडे ठेवणे आणि जवळपास विडी न पेटवणे हेही कामाचाच भाग मानले पाहिजे.

दरवाजाच्या आत पाणी जातेच, ही गोष्ट अनेक मालकांना ठाऊक नसते. काचेच्या फटीतून उतरणारे पाणी दरवाजाच्या तळातील छिद्रांतून बाहेर पडावे अशी मूळ रचना असते. ती छिद्रे मातीने बुजली की पाणी आत साचते आणि हार्डबोर्डचे पॅड फुगते. पॅड नवे करताना मागे प्लॅस्टिकचा कागद लावून ओलावा अडवावा लागतो. हार्डबोर्डऐवजी पाणी न शोषणारा पत्रा वापरणे सोयीचे असले, तरी जुने पॅड त्यावर ठेवूनच क्लिपांची छिद्रे पाडावीत. फरशीवरची माती खरवडून गंज काढणे, प्रायमर लावणे, आवाज आणि उष्णता अडवणारे डांबरी पत्रे तापवून चिकटवणे आणि मग कार्पेट अंथरणे, हा भाग थोडक्यात सांगता येतो, पण सीटचे बोल्ट जिथे आवळले जातात ती जागा गंजलेली असेल तर बाकी सगळी सजावट निरर्थक आहे, कारण अपघातात सीट धरून ठेवतो तो तेवढाच पत्रा.

जीपचे शास्त्र याहून साधे आणि एका बाबतीत अधिक धोक्याचे आहे. तिच्या सीटला पाईपचा सांगाडा आणि कॅनव्हासचे आवरण पुरते, हूड बकलांनी आवळलेले असते, आणि ताडपत्री शिवणारा कोणताही चांगला कारागीर जुन्या हुडावरून नवे उतरवू शकतो. परंतु जुन्या जीपमध्ये इंधनाची टाकी चालकाच्या सीटखालीच असते. रिकामी दिसणारी टाकीही वाफेने भरलेली असते, म्हणून सीटच्या पायाला वेल्डिंग लावण्यापूर्वी ती गाडीतून पूर्णपणे काढून दूर नेणे ही खबरदारी कधीही टाळता येणार नाही.

किती जुने, किती नवे

जुन्या गाडीचे अंतरंग नवेकोरे करावे की झिजलेले तसेच राखावे, याबाबत जगभरातील जाणकारांची भूमिका गेल्या काही दशकांत बदलली आहे. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या फिवाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत जतनाला पुनर्निर्मितीपेक्षा अधिक मान दिला आहे आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. भारतात केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. मूळ स्वरूपात राखलेल्या, चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न केलेल्या वाहनांनाच ती मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे, ती दहा वर्षे चालते आणि अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. या व्याख्येत सीटच्या कापडाचा उल्लेख नसणे ही उणीव आहे. चॅसीचा क्रमांक कागदावर राहतो, कापडाचा नमुना कुठेच राहत नाही.

नवे करण्याला सरसकट विरोध करण्याचे मात्र कारण नाही. मुंबईत २०१५ मध्ये सुरू झालेल्या टॅक्सी फॅब्रिक या उपक्रमात तरुण चित्रकारांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या सीटपासून छतापर्यंत नवी चित्रे छापलेले कापड चढवले आणि मोटारीचे अंतरंग ही कलेची जागा असू शकते हे दाखवून दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली. चालत्या टॅक्सीवरचे ते प्रयोग योग्यच होते, कारण त्या गाड्यांचे मूळ कापड केव्हाच संपलेले होते. पडवीत मूळ रेक्झिनसह उभी असलेली डिलाइट ही मात्र निराळी गोष्ट आहे. तिथे एका शिवणीच्या उसवण्यासाठी सगळे सीट बदलणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. उसवलेली शिवण त्याच छिद्रांतून हाताने पुन्हा भरता येते, फाटलेला एक तुकडा बदलून बाकीचे मूळ राखता येतात, आणि आतला फोम बदलूनही वरचे कव्हर पुन्हा चढवता येते. कारागिराला यासाठी नव्या कव्हराहून अधिक वेळ लागतो, तेव्हा त्याला मजुरीही अधिक द्यायला हवी. मालकांनी घासाघीस करायची ती इथे करू नये.

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव किंवा गेवराई येथे ज्यांच्या घरी अशी गाडी उभी असेल, त्यांनी काम सुरू करण्यापूर्वी आतल्या भागाची छायाचित्रे काढावीत, आणि काम संपल्यावर उसवलेल्या जुन्या कव्हराचे तुकडे फेकून न देता, त्यांवर गाडीचे नाव, वर्ष आणि तुकड्याची जागा लिहून, कोरड्या जागी डांबरगोळ्यांसह बांधून ठेवावेत. शक्य असल्यास एक संच ते शिवणाऱ्या कारागिराकडेच राहू द्यावा, म्हणजे त्याच जातीची पुढची गाडी त्याच्या दारात येईल तेव्हा माप घ्यायला काहीतरी हाती असेल.